पटेलांची डाक्टरीन

आमच्या गावात मी डॉक्टर आहे. गावाची शीव ओलांडली की नाही.

हैद्राबादला मी एका प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. तांदूळ, भाजी, दूध, पाणी यांत फवारणीच्या औषधाचा अंश किती उरलाय ते शोधून काढायचं, हे माझं काम. पोतंभर तांदळात चिमटीच्या हजाराव्या भागाएवढं विष असलं तरी आमचं मशीन ते पकडतं, आणि मशीन खरं बोलतंय की नाही ते मी ठरवते. पगार दणकून आहे. मेडिकल कॉलेजची पायरी न चढताही विज्ञानावर माणूस असा पगार मिळवू शकतो, हे मला स्वतःलाच पंचविशी गाठेपर्यंत माहीत नव्हतं. मग बाबूजींना कुठून माहीत असणार?

बाबूजी म्हणजे प्रेमलाल पटेल. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, लालबर्र्याच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून चार किलोमीटर आत आमचं गाव आहे. मी मेडिकलच्या परीक्षेत दोनदा आपटले, तिसऱ्यांदाही आपटले, आणि नागपूरला बी.एस्सी.ला नाव घातलं. इकडे बाबूजींनी राइस मिलवर सांगून टाकलं की पोरगी डाक्टरकीले लागली. मी घरी आले तोवर माझ्या नावाचे पेढे लोकांच्या पोटात गेले होते. मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी जेवले आणि गप्प बसले. ते गप्प बसणं अकरा वर्षं चाललं.

खोटं बोलायला अक्कल लागत नाही, निभावायला लागते. मी सुट्टीत आले की बाया यायच्या. कोणाचे गुडघे, कोणाची छाती, कोणाच्या सुनेचे दिवस चुकलेले. मी मनगट धरायची, तोंड गंभीर करायची आणि म्हणायची, "बालाघाटले मोठ्या दवाखान्यात दाखवा, उशीर नका करू." सल्ला खरा होता, म्हणून मला तो टोचत नव्हता. उलट गाव म्हणायचं, पटेलाची डाक्टरीन लई इमानदार, उगाच सुया टोचत नाई.

या वर्षी नवरात्रात मी आठ दिवसांची सुट्टी घेऊन आले होते. धान पोटरीत, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या बेतात होतं आणि माहू पडला होता. माहू म्हणजे धानाच्या बुडाशी बसून रस पिणारा बारीक किडा. आठवड्यात बांधीच्या बांधी, म्हणजे धानाची शेतंच्या शेतं, पिवळी करतो. बाबूजी रोज शेतातून शिव्या देत यायचे. शेवटी त्यांनी चैतराम काकांना फवारणीला लावलं.

चैतराम काका गावातल्या बौद्ध मोहल्ल्यातले. शेत नावापुरतं, पण पाठीवर पंप घेऊन फवारणी करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. दोन दिवसांनी दसरा होता आणि त्यांना घरच्यांसोबत नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं. म्हणून दोन दिवसांचं काम त्यांनी एका सकाळीत उरकायला घेतलं.

दुपारचे साडेबारा झाले असतील. माय ओसरीत तांदूळ पाखडत होती, मी खाटेवर मोबाइल घेऊन लोळत होते. अंगणात राजूचा ऑटो शिरला. राजू आमच्या शेजारचा, लालबर्रा-बालाघाट सवाऱ्या मारतो. ऑटोच्या मागच्या सीटवर चैतराम काका आडवे होते, डोकं बायकोच्या मांडीवर. बायको म्हणजे जिजाबाई. पायांशी त्यांची मुलगी गीता.

"डाक्टरीन बाई!" जिजाबाई ऑटो थांबायच्या आधीच ओरडल्या. "पाहा वो याले काय झालं!"

आमचं शेत डांबरी रस्त्याला लागून आहे. तिथून बालाघाट सरळ वीस-बावीस किलोमीटर. जिजाबाई आणि गीता भाकर घेऊन तिथं गेल्या होत्या, आणि काका बांधावर कोसळले तेव्हा राजूचा ऑटो नेमका तिथून बालाघाटकडेच चालला होता. आणि या लोकांनी तो थांबवून, वळवून, माणूस उलटा चार किलोमीटर आत माझ्याकडे आणला होता. कारण मी घरी होते.

बाबूजी मागोमाग मोटारसायकलवरून आले. "घाबरू नको जिजा," ते म्हणाले, "मयुरी घरीच हाय." खोटं कशाला सांगू, त्यांच्या आवाजात अभिमान होता.

मी ऑटोत वाकले. काकांच्या तोंडातून लाळ गळत होती, थांबतच नव्हती. अंग घामानं निथळत होतं. गालाची एक शीर आपोआप उडत होती. डोळ्यांची बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी झाली होती. शर्ट पाठीला चिकटला होता, आणि त्याला कुजक्या लसणासारखा वास येत होता. तो वास मी ओळखते. लॅबमध्ये तो आला की आम्ही खोली रिकामी करतो.

पंप गळका होता. सकाळपासून तीन-चार तास औषध त्यांच्या पाठीवर झिरपत होतं, आणि तोच शर्ट अजून अंगावर होता.

मला सगळं कळत होतं आणि तोंडातून निघालं ते मात्र नेहमीचंच. "बालाघाटले न्या. उशीर नका करू."

"नेऊ ना बाई. पन पयले एक सुई तं मारा," जिजाबाई म्हणाल्या. "रस्त्यात काही झालं तं?"

"सुई नाही माझ्याजवळ."

"गोळी द्या मंग. काहीतरी द्या ना बाई!"

बाबूजींनी माझा दंड धरून मला तुळशीजवळ नेलं. अंगणात आता पंधरा-वीस माणसं जमली होती. ते अगदी हळू बोलले. "तुह्या मायच्या ताकतीच्या सुया हायेत ना फ्रिजात? मार एक. त्यायले धीर येईन, मंग नेतीन ते बालाघाटले."

"बाबूजी, तो माणूस मरून राह्यला."

"म्हनूनच सांगून राह्यलो. गाव पाहून राह्यलं तुह्याकडं."

मी एक क्षण विचार केला. हे सांगताना मला घाण वाटते, पण केला. ताकदीची, म्हणजे व्हिटॅमिनची सुई मारली तर बिघडत काही नव्हतं. लोक लगेच निघाले असते आणि माझी अकरा वर्षं शाबूत राहिली असती. पण जिजाबाईंनी ती सुई झाली म्हणजे औषध झालं असं धरलं असतं. ऑटो रमतगमत गेला असता. कदाचित "जरा बरं वाटतंय" म्हणून घरीच थांबले असते. मी हा विचार करत होते तोवर काकांच्या घशातून घरघर सुरू झाली.

मी वळले आणि ओरडले, "मी डॉक्टर नाही!"

मायच्या हातातलं सूप खाली पडलं. बाकी कोणी हललं नाही. लोकांना वाटलं मी घाबरले. मी पुन्हा ओरडले. "मी डॉक्टर नाई जी! कधीच नव्हते! मी लॅबमध्ये काम करते. मला सुई मारता येत नाही, मला माणूस तपासता येत नाही. याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला पाह्यजे!"

बाबूजी जमिनीकडे पाहत होते. मला वाटलं आता अंगणात गोंधळ होईल. काहीच झालं नाही. जिजाबाई मात्र माझ्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

"असं काहून म्हनता बाई?" त्या म्हणाल्या. आवाज एकदम थंड झाला होता. "आमच्या अंगाले हात लावाचा नसन तं तसं सांगा. डाक्टर नाई म्हनाची काय गरज हाय?"

मला कोणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. मी लहान असताना आमच्या घरी चैतराम काकांचा कप वेगळा होता, गोठ्याच्या खिडकीत पालथा ठेवलेला. आता नाही. पण ज्यांच्यासाठी तो ठेवला होता त्यांना तो आठवणारच. अकरा वर्षं गावानं माझं खोटं डोळे मिटून मानलं होतं, आणि पहिलं खरं बोलले त्याचा हा अर्थ निघाला.

समजावत बसायला वेळ नव्हता. शर्ट काढायला हवा होता. माझा हात पुढे गेला आणि थांबला, कारण सहा वर्षं रोज शिकले आणि शिकवले ते एकच की या गोष्टीला उघड्या हातानं शिवायचं नाही. ओसरीत खुंटीला प्लास्टिकच्या पिशव्या अडकवलेल्या होत्या. आता मी हाताला पिशव्या बांधून काकांना शिवले असते तर जिजाबाईंचं म्हणणं साऱ्या गावासमोर खरं ठरलं असतं.

मी पिशव्या काढल्या. दोन स्वतःच्या हातांना बांधल्या, दोन गीताच्या हातात दिल्या. "हाताला घाल. तुझ्या बापाच्या शर्टात विष आहे, ते कातडीतून आत जातं. तू आजारी पडलीस तर त्याला कोण सांभाळेल?"

गीता माझ्याकडे बघत राहिली. एकवीस वर्षांची मुलगी. नीटला तीनदा बसलेली, चौथ्यांदा तयारी करत असलेली. तिनं हळूच विचारलं, "ऑर्गनोफॉस्फेट?"

"हौ." फवारणीच्या विषांची ही एक जात, थेट नसांवर उठते.

"म्हणजे असिटाइलकोलीन साचून राह्यलं," ती म्हणाली. नसांचे निरोप पोचवणाऱ्या रसायनाबद्दलचं पुस्तकातलं वाक्य होतं, पण तिनं ते बापाच्या लाळेकडे बघत म्हटलं. मग पटकन पिशव्या हातात घातल्या आणि आईला म्हणाली, "आई, सर बाजूले. ताई बरोबर करून राह्यली. तू पन पदरानं नको पुसू त्याले."

आम्ही दोघींनी काकांना उतरवून बोअरच्या नळाखाली धरलं. शर्ट कापून काढला, पॅन्ट काढली, मायनं चादर धरली. कपड्याचा साबण घेऊन मी त्यांची पाठ, मान, काखा, केस धुतले. पिशव्या कधीच फाटल्या होत्या, मला त्याचं भान नव्हतं. कोणीतरी तांब्यात तूप घालून दूध आणलं. "पाजा, जहर उतरते." मी तो तांब्या फेकून दिला. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या घशात दूध ओतलं तर ते फुफ्फुसात जातं. हे सांगायला डॉक्टर लागत नाही, पण मी सांगितलं तेव्हा गावानं ऐकलं ते डाक्टरीन म्हणूनच ऐकलं असणार.

"बाबूजी, कोणतं औषध दिलतं?"

"दुकानदारानं देल्लं तेच."

"बाटली आणा."

त्यांनी गोठ्यातून एक बाटली आणली. लेबलवर निळी खूण, म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. वास जुळत नव्हता. "दुसरी?"

"दुसरी कोठची?"

"बाबूजी!" मी इतक्या जोरात ओरडले की माझाच घसा सोलवटला. "दवाखान्यात पहिलं हेच विचारतील. चुकीचं नाव गेलं तर चुकीचं औषध होईल. दुसरी बाटली कुठाय?"

ते परत गोठ्यात गेले आणि बाटली घेऊन आले. लाल खूण, सगळ्यात जहाल. तेव्हा कुठं त्यांनी कबूल केलं. त्यांनी स्वतः दोन्ही औषधं एका पंपात घातली होती, लाल खुणेचं दुप्पट, कारण माहू एकानं जात नव्हता. काकांना सांगितलं नव्हतं. लेबलवर मुंगीएवढ्या अक्षरात विषाचं नाव होतं, त्यावरच्या उताऱ्याचंही होतं. वर्षानुवर्षं या बाटल्या आमच्या गोठ्यात येत होत्या आणि मीसुद्धा घरी आल्यावर कधी एक उचलून वाचली नव्हती. विष मोजायचा पगार घेणारी मी!

१०८ ची गाडी आत गावात यायला अर्धा-पाऊण तास लागला असता. ऑटो दारात उभा होता. काकांना चादरीत गुंडाळून, कुशीवर करून आम्ही मागे घेतलं. कापलेला शर्ट पिशवीत बांधून मी दोन्ही बाटल्यांबरोबर पायाशी ठेवला. जिजाबाई डोक्याशी, गीता आणि मी खाली पत्र्यावर.

राजूनं ऑटो असा हाणला की खडीच्या रस्त्यावर आम्ही वीतभर उडत होतो. मी काकांचं तोंड खाली वळवून धरलं होतं, लाळ बाहेर पडावी म्हणून. गीता एका जुन्या टॉवेलनं पुसत होती आणि मोजत होती. एका मिनिटात किती श्वास. बावीस. चोवीस. मग अठरा. "कमी होऊन राह्यले," ती म्हणाली. कमी होणं चांगलं की वाईट, मला खात्रीनं माहीत नव्हतं. मला तांदळातलं विष कळतं. माणसातलं नाही.

डांबरी रस्ता लागला. वाटेत आमची बांधी गेली, बांधावर पंप तसाच पडलेला. पुढे वैनगंगेच्या अलीकडे रेल्वेचं फाटक आहे. ते बंद होतं.

राजूनं हॉर्न वाजवला, उतरून गेला, गेटमनच्या हातापाया पडला. गाडी सुटलेली होती, फाटक उघडता येत नव्हतं. आम्ही ट्रक आणि मोटारसायकलींच्या मध्ये उभे राहिलो. ऊन टपावर तापत होतं. ऑटोचं इंजिन बंद झालं आणि काकांच्या छातीतली घरघर स्पष्ट ऐकू यायला लागली.

"ताई," गीता म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, बापाच्या छातीकडे बघत होती. "खरंच डाक्टर नाई तुमी?"

"नाही."

"कधी पासच नाई झाल्या?"

"नाही. तिन्ही वेळेस नापास. नंतर बी.एस्सी. केलं, एम.एस्सी. केलं."

"सोळा," ती म्हणाली. तो श्वासाचा आकडा होता. मग म्हणाली, "पगार भेटते त्याच्यात?"

"भेटते. चांगला भेटते." मी म्हटलं. "डॉक्टरांना भेटते त्यापेक्षा कमी नाही."

फाटकाची घंटा वाजत होती.

"मागच्या साली मी तुमाले फोन केलता," ती म्हणाली. "बालाघाटच्या कॉलेजात मले बी.एस्सी. भेटून राह्यली होती. घेऊ का म्हनून पुसलं होतं. तुमी काय म्हनलं, आठवते?"

आठवत होतं. मी मशीनसमोर उभी होते, घाईत होते. मी म्हटलं होतं, एवढी मेहनत केलीस, अजून एकदा बस, मीही तिसऱ्याच वेळेस... आणि वाक्य तसंच सोडलं होतं. पुढचं तिनं स्वतः भरलं. मला तेवढंच हवं होतं. खोटं बोलायचं पाप नको आणि इज्जतही जायला नको.

"गीता, मी..."

"चौदा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "ताई, चौदा!"

मी काकांचा जबडा धरून मान वर उचलली, टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळून घशातली लाळ काढली. त्यांनी एक मोठा श्वास ओढला. जिजाबाई "बाबासाहेबा, बाबासाहेबा" म्हणत होत्या. मालगाडी आली. कोळशाचे डबे संपता संपत नव्हते. मी आयुष्यात कोणत्या गाडीला इतक्या शिव्या दिल्या नसतील.

फाटक उघडलं तेव्हा राजू ट्रकच्या पुढे, उलट्या बाजूनं घुसला. पूल, चौक, बाजार. कुठं काय लागलं ते मला आठवत नाही. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं, आणि माझ्याच वयाचा एक डॉक्टर काकांचे डोळे उघडून बघत चालता चालता म्हणाला, "क्या पिया है?"

"पिया नहीं. स्प्रे. पीठ पर लीक हुआ, सुबह आठ बजे से बारा तक. ये दो बोतलें, लाल वाली डबल डोज. शर्ट इस थैली में है, खुले हाथ से मत पकडना. साबन से नहलाया है. दूध, पानी, कुछ नहीं दिया. सांस बाईस से चौदा पर आ गई है."

त्यानं लाल बाटली उचलून लेबल वाचलं आणि नर्सला उताऱ्याचं नाव सांगितलं. पुढच्या अर्ध्या मिनिटात सलाईन लागली होती. मी सहा वर्षं ते नाव कागदावर लिहितेय. ते शिरेत जाताना पहिल्यांदा पाहिलं.

"अच्छा किया," तो म्हणाला. "आप डॉक्टर हैं?"

बाबूजी मोटारसायकल लावून तेवढ्यात आत आले होते. धापा टाकत होते. प्रश्न त्यांनी ऐकला. "हौ साहेब," ते म्हणाले, "हैद्राबादले..."

"नहीं," मी म्हटलं. "केमिस्ट हूं. पेस्टिसाइड की लॅब में."

डॉक्टरनं मान हलवली आणि तो पडद्याआड गेला. त्याला काहीच फरक पडला नव्हता. एवढा साधा जबाब होता तो. बाबूजी मात्र भिंतीला टेकून खाली बसले, जणू त्यांच्याच अंगातून कोणी काही काढून घेतलं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. त्यांच्याजवळ बसावं असं वाटलं, पण मी बसले नाही.

साडेतीन तास आम्ही त्या व्हरांड्यात होतो. नर्स दर थोड्या वेळानं सुई घेऊन जायची. एकदा आतून काकांचं बरळणं ऐकू आलं. गीता उठून गेली, परत आली आणि म्हणाली, औषधानं तसं होते म्हणे. ती माझ्यापासून दोन माणसांच्या अंतरावर बसली होती. मी तिला पाणी दिलं, ते तिनं घेतलं. पण माझ्याकडे बघितलं नाही.

पाचच्या सुमारास डॉक्टर बाहेर आला. लाळ आटली होती, श्वास सुधारला होता. दोन-तीन दिवस धोका आहे, इथंच ठेवावं लागेल, पण आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं, असं तो म्हणाला.

अर्धा तास. चार किलोमीटर आत, तुळशीजवळची कुजबुज, चार किलोमीटर बाहेर. तो अर्धा तास माझ्या नावाचा होता. फाटकाला दोष देऊन चालणार नव्हतं.

जिजाबाई माझ्याकडे आल्या आणि काही कळायच्या आत माझ्या पायाशी वाकल्या. मी मागे सरले. "मले माफ करा बाई," त्या रडत म्हणाल्या. "अंगनात मी वाकडं बोलली. तुमी त्याले आपल्या हातानं धुतलं. तुमीच वाचवलं, डाक्टरीन बाई. आता कसंबी करून गीताले तुमच्यावानी डाक्टर करतो आमी. चवथ्या बारीले बसवतो. तिचा बाप उठू दे फक्त."

गीतानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. ती वाट बघत होती. आई काय म्हणते याची नाही, मी काय म्हणते याची.

गप्प बसणं किती सोपं होतं! बाई थकलेली, रडवेली, नवरा आत पडलेला. कोण म्हणालं असतं की हीच वेळ आहे? अकरा वर्षं मला वेळ अशीच सापडत नव्हती.

"काकी, खाली बसा," मी म्हटलं. "अंगणात मी खरंच सांगत होते. मी डॉक्टर नाही. मी तिन्ही वेळा नापास झाले. मी साधं रसायनशास्त्र शिकले, कॉलेजात, कोणीही शिकतं तसं. आणि त्याच्यावर मला चांगली नोकरी आहे, चांगला पगार आहे. पाणी तपासणारे असतात, बियाणं तपासणारे असतात. आपल्या भरवेलीच्या खाणीत जमिनीखाली मँगनीज कुठं आहे ते सांगणारा माणूस असतो, तोही डॉक्टर नसतो. गीता माझ्यापेक्षा हुशार आहे. तिला यातलं काहीही मागच्याच वर्षी सुरू करता आलं असतं. तिनं मला विचारलं होतं. मी तिला सांगितलं नाही."

जिजाबाईंनी डोळे पुसले. त्या मला नीट पाहत होत्या. त्यांना सगळं कळायला थोडा वेळ लागला, आणि तो वेळ मी उभ्यानं काढला.

"मंग काहून नाई सांगतलं?"

"लाज वाटत होती, काकी. नापास झाल्याची. बाबूजींनी पेढे वाटले होते."

त्या अगदी हळू, भांडण नसल्यासारखं बोलल्या.

"तुमाले लाज वाटत होती," त्या म्हणाल्या. "आन गीताचा बाप तीन वर्सं लोकाईच्या बांध्यात जहर मारत फिरला. पोट्टीच्या कोचिंगसाठी. पटेलाची पोरगी तिसऱ्या बारीले झाली, तं आपलीबी होईन म्हनून. रोज रातच्याले येऊन मले सांगे. तो काय खोटं बोलत होता काय बाई?"

पडद्याआडून नर्सनं काकांना नाव घेऊन हाक मारली आणि त्यांनी खोल आवाजात "हौ" म्हटलं. जिजाबाई उठल्या आणि आत गेल्या. गीता त्यांच्या मागून गेली, जाताना तिनं मी दिलेला पाण्याचा ग्लास बाकावर ठेवला.